ताईंचं चित्र काढलं त्याबद्दल

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मानेला पट्टा आहे, त्यामुळे प्रत्यक्षात कमरेच्या वरचं काहीच वाकत नाही. पत्रात मात्र पूर्ण आडवा झालोय असं धर.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं कानाचं यंत्र सापडलं, की ते न सापडण्यातच त्यांचा फायदा आहे? रक्तदाबाची गोळी ठरल्या वेळी घेतेस की आठवेल तेव्हा? जन्मभर दवाखान्यात मेट्रन म्हणून दुसऱ्यांच्या घशात गोळ्या कोंबल्यास, तेव्हा स्वतःची चुकवत असशील याची मला खात्री आहे. आम्ही दोघं ठीक. ही रोज प्रयोगशाळेत जाते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते, आणि घरी आली की माझ्याकडे बघून मी जरा पांढरा दिसतोय म्हणते. मी निवृत्त आहे, म्हणजे दिवसभर तिला बघायला उपलब्ध असतो.

आता मुद्द्यावर येतो. (पहिल्याच पानावर? हो. दुसऱ्या पानापर्यंत तू वाचशील याची खात्री नाही.) पाच आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मी दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणतेस. भाचेबुवांकरवी दोन निरोप आले. पहिला, यंदा तू आमच्याकडे येणार नाहीस. दुसरा, "माझी किटली परत पाठवा." हे घर घेतल्यापासून एकोणीस वर्षांत तुझे आमच्याकडचे दरवर्षीचे पंधरा दिवस एकदाही चुकलेले नाहीत. तेव्हा ही काही लहान गोष्ट नाही, आणि मी ती अशी जाऊ देणार नाही. तुझी समजूत काढायला हे पत्र लिहितोय. भाचेबुवांना सांगून ठेवलंय की तू पाकीट न फोडता बाजूला ठेवलंस तर त्यांनी ते फोडून तुझ्यासमोर मोठ्याने वाचावं, आणि भाऊजींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मुळात हे चित्रांचं खूळ आमच्या घरात आणलं कोणी, तर तू. साठीला तू हातातलं इंजेक्शन ठेवून ब्रश घेतलास आणि पहिलं तैलचित्र उचलून आम्हाला दिलंस. किटली आणि दोन कप. किटलीची तोटी जरा लांब झाली आहे, आणि आलेला प्रत्येक पाहुणा आधी "हत्ती छान आहे" म्हणतो, पण आम्ही प्रत्येकाला न कंटाळता किटली दाखवून दिली आहे. ती हॉलच्या मोठ्या भिंतीवर एकटी टांगली तेव्हा ही म्हणाली, एवढ्या भिंतीवर एकच चित्र म्हणजे बिचारं बाकावर उभं केल्यासारखं वाटतं, त्याला सोबत हवी. सोबत शोधायला आम्ही काही मुद्दाम गेलो नाही. बाजारातून येताना हिला स्वच्छतागृह हवं होतं म्हणून एका प्रदर्शनाच्या दालनात शिरलो. आत कोणी नव्हतं. शेवटच्या टोकाला स्टुलावर चित्रकार बसला होता, तो आम्हाला पाहून उभा राहिला. माणूस उभा राहिला की हिला तसंच परत फिरता येत नाही. समोरच्या चित्रात गुलाबी गोळे आणि त्यांत जांभळे ठिपके होते. ही बराच वेळ बघत राहिली आणि तिने अगदी सरळ मनाने विचारलं, हे कुठल्या आजाराचं? चित्रकाराचे डोळे भरून आले. दहा दिवसांत इतका खोल प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता म्हणे. आम्ही ते चित्र घेऊनच बाहेर पडलो, आणि स्वच्छतागृहाचं घरी येईपर्यंत राहूनच गेलं.

तिथून पुढे सात झाली. अस्सल, हाताने काढलेली, जगात एकेकच. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तुला माहीत आहे. माझ्या हातून सुटलेली एक वेलांटी पाच हजार प्रतींत जायची आणि पाच हजार घरांत मला शिव्या बसायच्या. इथे उलटं. चूक असली तरी ती एकाच ठिकाणी असते, आणि तिला दुरुस्त करायची नसते, तिला शैली म्हणायचं असतं. मला हे पचायला वेळ लागला. (आमच्या एका चित्रात घोड्याला पाच पाय आहेत. मी पहिले सहा महिने जाता-येता मोजायचो.) पण हळूहळू एक झालं. पाच हजार वेळा तीच असणाऱ्या वस्तूंनी भरलेल्या घरात एखादी वस्तू आपल्यासारखीच एकटी आहे, हे बरं वाटायला लागलं.

मात्र अस्सल चित्रांबरोबर राहणं म्हणजे घरजावई पोसणं. उन्हाने रंग उडतात, म्हणून पडदे दिवसभर ओढलेले आणि भर दुपारी आम्ही दिवे लावून पेपर वाचतो. वाफ चालत नाही, म्हणून कुकर लावला की स्वयंपाकघराचं दार बंद, आणि आतली व्यक्ती (मी) शिट्ट्या मोजत आतच. कोळशाने काढलेलं एक आहे, ते पुसायचं नाही, झटकायचं नाही, त्याच्यासमोर शिंकायचंही नाही. मला शिंक आली की मी बाल्कनीत धावतो. एका चित्राची चित्रकारीण तर वर्षातून दोनदा ते बघायला येते. पोरीला सासरी दिलेल्या आईसारखी दारातूनच नजर फिरवते, चहाला नको म्हणते, आणि मग हळूच विचारते, हिला टीव्हीच्या समोर का ठेवलंय? आम्ही अपराध्यासारखे उभे राहतो. गेल्या खेपेला ती गेल्यावर टीव्ही हलवला, आता तो स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड करून आहे आणि कुकरला बातम्या कळतात.

तर या सगळ्या चित्रांच्या मागची भिंत पोपडे धरायला लागली. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने एक रंगारी सुचवला. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. पूर्वी दुकानांच्या शटरवर अक्षरं रंगवायचा, छापील फलक आल्यावर ते काम गेलं म्हणून भिंती रंगवतो. रंगाच्या वासाने मला खोकला येतो, म्हणून आम्ही चार दिवस साडूकडे राहायला गेलो. (साडूच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. फक्त कॅलेंडर. पडदे उघडे, वाफ मोकळी, मी मनसोक्त शिंकलो.) बाकीची सहा चित्रं आम्ही स्वतः उतरवून गादीवर झोपवली होती. किटली जरा उंचावर, मला माझ्या मानेमुळे हात पुरेना आणि हिला कामावर जायची घाई, म्हणून मी रंगाऱ्यासाठी फ्रीजवर चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी माझ्यासमोर आहे. शब्दशः उतरवतो: "ताईंचे चित्र काढून मग भिंत रंगवणे. काळजीपूर्वक. घाई नको."

ताई, तूही ती पुन्हा वाच. मी आजवर शेकडो वेळा वाचली असेल. व्याकरण शुद्ध आहे, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत, विरामचिन्हं जागच्या जागी. चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या वाक्यांतले दोन-दोन अर्थ हुडकून लाल शाईने समासात लिहिले, त्याला स्वतःच्या तीन ओळींत काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. तो रंगाऱ्याने उचलला. पुढचं मी त्याच्याकडून ऐकलं आहे, आणि तो माणूस खोटं बोलण्यातला नाही. तू म्हणे विचारलंस, हॉलमधल्या चित्राला रंग तर लागला नाही ना. तू कोण हे सांगितलं नाहीस, आणि त्याने ओळखलं नाही. तो म्हणाला, ताईंचं चित्र ना, ते काढलं. आज सकाळीच काढून झालं. तू विचारलंस, कोणी सांगितलं काढायला. तो म्हणाला, साहेबांनी लिहून दिलंय. मग त्या भल्या माणसाने स्वतःहून भर घातली की आता कुठे भिंत बघण्यासारखी झाली आहे. यावर तू जे बोललीस ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं.

"मग आता मलाही काढा म्हणावं."

आणि तो म्हणाला, "काढू की. फक्त एक फोटो द्या."

फोटो कधी लागतो ते मला कळतं, असं म्हणून तू फोन आपटलास. तो बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभा राहिला, गिऱ्हाईक का गेलं ते त्याला कळेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो, मी दार उघडलं, आणि समोरच्या भिंतीवर तू होतीस. पाच फूट उंच. खुर्चीत बसलेली. रंगाऱ्याने फ्रीजवर चिठ्ठी वाचली आणि चिठ्ठीच्या शेजारीच तुझा फोटो पाहिला. मी त्याखाली सवयीप्रमाणे ओळ लिहिलेली आहे, "ताई". (मी सगळ्याच फोटोंखाली ओळी लिहितो. साखरेच्या डब्यावरही "साखर" आहे.) त्याला काहीही शंका आली नाही. ताईंचं चित्र काढायचं, मग उरलेली भिंत रंगवायची, काळजीपूर्वक, घाई नाही. त्याने त्याप्रमाणे केलं. किटलीचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्याने ती गादीवर बाकीच्यांच्या शेजारी नीट कापडात गुंडाळलेली दाखवली. म्हणाला, "भिंतीवरचं आधी उतरवायचं, हे रंगाऱ्याला कोण लिहून देतं, साहेब? म्हटलं, एवढं लिहून दिलंय म्हणजे काम वेगळं आहे."

उतरवायचं. हा शब्द होता, ताई. माझ्यासमोर आयुष्यभर होता, आणि त्या दिवशी सुचला नाही. आपण चित्रही काढतो आणि चपलाही काढतो, दिवसही काढतो आणि एकमेकांची उणीदुणीही, आणि एवढ्या सगळ्याला एकच क्रियापद पुरवून वापरतो. मी रंगाऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, चालायचंच, एकदा एकाने "इथे गाडी लावू नये" लिहायला सांगितलं होतं, त्यात "नये" सुटलं होतं.

चित्र कसं आहे ते तुला सांगितलं पाहिजे. घरात जे रंग होते तेच त्याने वापरले. अंगाला भिंतीचा सायीसारखा रंग आणि दाराचा तपकिरी मिसळून घेतलेला. साडी खिडकीच्या गजांच्या हिरव्या ऑइलपेंटची, त्यामुळे ती चकाकते आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसता येते. केसांना पाण्याच्या पायपाचा रुपेरी. कपाळावरची ती एक उभी आठी, नाकाची धार, मिटलेली जिवणी, सगळं तूच. फोटोत तू "नको, माझा काढू नकोस" म्हणून तळहात पुढे केला होतास, तो हात तसाच आला आहे. त्यामुळे मला दुसऱ्यांदा भात वाढून घेता येत नाही. कुरिअरवाला दारातून आत बघून आपोआप चपला काढतो. खालच्या कोपऱ्यात, शटरवर करायचा तशी, रंगाऱ्याने सही म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला आहे. हिने चित्रासमोर अर्धा तास उभं राहून एकच शेरा दिला, की हे चित्र उचलता येत नाही, विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, म्हणजे आपल्या घरातलं खरं अस्सल एवढंच. तिने पडदे आणखी अर्धा फूट ओढले. दंतवैद्य रंगाऱ्याला विचारून आम्हाला सांगून गेला की एका दिवसात पांढरा हात मारून मिळेल, पण आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तेव्हा तुझं चित्र आम्ही काढलं, हे खरं आहे. टाकून दिलं, हे खोटं आहे. आई गेल्यावर माझा हात धरून तूच मला पहिलं अक्षर गिरवायला लावलंस, आणि माझी शब्दाची चूक तुला लागावी याचं मला फार वाईट वाटतं. तू रागावलीस की मला अजूनही घरी उशिरा परतल्यासारखं होतं, सहासष्ट वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, पण होतं. मला तुझी आठवण येते. भिंतीवर असूनही येते. भाऊजींना नमस्कार, भाचेबुवांचा घसा बसला असेल तर त्यांना कोमट पाणी दे.

तुझा,
शब्दाला चुकलेला
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालताना एक गोष्ट आडवी आली. वरती सात चित्रं लिहिली आहेत. आठवं आहे. हिने सहा महिन्यांपूर्वी घेतलं, मोठं, करडं, चार फूट बाय पाच, नाव "शीर्षक नाही, क्रमांक नऊ". त्याला तीच भिंत हवी होती. रंग झाल्यावर किटली चपलांच्या कपाटावर, बोळात लावायची असं आमचं ठरलं होतं, आणि तुला काय सांगायचं हे ठरलं नव्हतं. मानेमुळे हात पुरला नाही, हे खरं नाही. स्टूल होतं. तुझं चित्र मला स्वतःच्या हाताने उतरवायला धीर झाला नाही, म्हणून मी चिठ्ठी लिहिली. तेव्हा फोनवर तुला जे वाटलं ते शब्दाने चूक होतं, मनाने फारसं चूक नव्हतं. आता करडं चित्र पलंगाखाली आहे. किटली माझ्या उशासमोरच्या भिंतीवर आहे. ती परत मागू नकोस, मी देणार नाही.

ता. क. दोन. खरं काम राहिलंच. तुझ्या चित्राला डोळे नाहीत. फ्रीजवरचा फोटो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा, तू काळा चष्मा लावलेला. घरातल्या बाईला काळ्या चष्म्यात दाखवणं रंगाऱ्याला बरं वाटलं नाही आणि अंदाजाने डोळे काढायला तो तयार नाही. माणूस समोर बसल्याशिवाय डोळे काढणार नाही, म्हणतो. (क्रियापदाबद्दल क्षमस्व.) घरात तुझा दुसरा फोटो नाही. तेव्हा तासभर खुर्चीत बसण्यापुरतं तरी तुला यावं लागेल. बोलू नकोस हवं तर माझ्याशी. गाडी कधीची ते भाचेबुवांना कळव.

ताई, सा. न. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी, यांना न सांगता. घरात तुमचे सतरा फोटो आहेत, चष्म्याशिवायचे, डोळे चांगले उघडे असलेले. रंगारी दोनदा येऊन मागून गेला. दोन्ही वेळा यांनी त्याला फोटो नाही म्हणून सांगितलं, आणि अल्बम माझ्या साड्यांखाली नेऊन ठेवला. काल मी सरळ विचारलं, तर म्हणाले, डोळे पुरे झाले की तिला बोलवायला माझ्याकडे काय कारण उरतं. मी तो अल्बम काही दिवस तिथेच राहू देते. तुम्ही या.